टीचर उभ्या राहिल्या

रविवार, जानेवारी १९९१ मधला शेवटचा. कुंभकोणम, सकाळची उपासना.

हजर: वेदीपाशी पाळक, ज्यांना सगळे 'अय्या' म्हणत. पुरुषांच्या बाजूला अगदी पहिल्या बाकावर दानिएल पेरियप्पा, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. त्याच बाजूला खूप मागे, खांबाच्या आड, एडविन. बायकांच्या बाजूला वसतिगृहातल्या मुलींच्या रांगेत लिली. तिच्या मागे काही बाक सोडून नवमणी टीचर, आणि टीचरच्या शेजारी मी. त्या मंडळीत हिंदू मी एकटीच. आदल्या दिवशी टीचर म्हणाल्या होत्या, "रमा, उद्या माझ्याजवळ बस. काही करायचं नाही. नुसती बस."

अय्यांनी 'ओलै' वाचायला घेतली. तमिळ ख्रिस्ती लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार वधूवरांची नावं उपासनेत वाचली जातात. पूर्वी ती ताडपत्रावर लिहीत, म्हणून कागद आला तरी नाव ओलैच राहिलं. त्या दिवशी तिसरं वाचन होतं. एडविन आणि लिली. वाचून झाल्यावर अय्या दर वेळी म्हणत तसं म्हणाले, "या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्याने आता उभं राहावं."

सगळी मंडळी समोर पाहत होती आणि सगळ्यांचे कान आमच्या बाकाकडे होते.

पुढचं सांगण्याआधी टीचर कोण ते सांगते.

नवमणी टीचर मुलींच्या मिशन शाळेत गणित शिकवत. मी त्याच शाळेच्या कचेरीत होते. हजेरीपट, वेळापत्रक, परीक्षेला कोण कुठे बसणार, हे माझं काम. आमची घरं एकाच गल्लीत. मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्यांपैकी आमचं घराणं, त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल पडलं की तमिळ. टीचरशी माझं सगळं बोलणं तमिळमधून झालं. इथे ते माझ्या मराठीत देते आहे.

बाई उंच, किडकिडीत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम लाल शाईचा डाग. चालताना छत्री मिटलेली, ऊन असो की पाऊस; ती त्या वापरत फक्त रस्त्यातली गाय बाजूला करायला. खाण्याआधी प्रार्थना केल्याशिवाय बिस्किटसुद्धा तोंडात घालत नसत. शाळेत मधल्या सुट्टीत कॉफी आली की पितळी पेल्यावर हात ठेवून डोळे मिटत, आणि ती प्रार्थना इतकी लांबे की कॉफी निवून जाई. मग डोळे उघडून शिपायाला दरडावत, "गार कॉफी आणलीस?"

गुणांच्या बाबतीत बाई दगड होत्या. पास व्हायला एक मार्क कमी पडलेल्या मुलीला बाकीचे शिक्षक तो देऊन टाकत. टीचर देत नसत. एकदा मी वैतागून म्हटलं, "टीचर, दर रविवारी तुम्ही कृपा, कृपा म्हणून गाता. तुमचा देव सगळ्यांना फुकट देतो, आणि तुमच्या हातून एक मार्क सुटत नाही?"

"देव त्याच्या घरातलं देतो, रमा," त्या वहीवरून नजर न काढता म्हणाल्या. "मार्क सरकारचे आहेत."

पण त्याच मुलीला त्या संध्याकाळपासून स्वतःच्या ओट्यावर बसवत. कॉपी करताना पकडलेली एक मुलगी होती. तिला त्यांनी भोपळा दिला, मुख्याध्यापिकेपुढे उभं केलं, आणि मग वर्षभर रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. वर पोटभर इडल्या. त्या मुलीची आई रडत म्हणाली, "टीचर, तुमचे उपकार कसे फेडू?" टीचर खेकसल्या, "फेडायचं असतं तर शिकवणी लावली असतीत की. जा, उद्या हिला वेळेवर पाठवा."

'कृपा' हा शब्द आमच्याही घरात होता. मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जाणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या तोंडी तो दिवसातून अनेकदा येई. पण त्यांच्याकडे कृपा व्हायची, पावसासारखी, वरून. टीचरकडे ती आणायला जावं लागे. त्या म्हणत, "माझ्याकडे साठा नसतो. रोज सकाळी मागते. रोज त्या दिवसापुरतं मिळतं. कधीकधी दुपारीच संपतं, तेव्हा माझ्यापासून लांब राहा."

टीचर लवकर विधवा झाल्या. एकच मुलगी, जया. जया नर्सिंग शिकून आली आणि तिचं एडविनशी ठरलं. एडविन वीजखात्यात होता. चर्चमध्येच, अय्यांच्या समोर, साखरपुडा झाला. अंगठ्या, साडी, प्रार्थना, सगळं रीतीप्रमाणे. पत्रिका वाटून झाल्या. लग्नाला पंधरवडा उरला असताना एडविन गावातून नाहीसा झाला. ना निरोप, ना कारण. नंतर कळलं की त्याने लांबच्या गावी बदली मागून घेतली होती.

त्या आठवड्यात टीचरनी जे केलं ते मी विसरणार नाही. आलेल्या भेटवस्तू त्यांनी घरोघर जाऊन परत केल्या. कुणी काय दिलं याची यादी माझ्याकडे होती, म्हणून मी बरोबर. प्रत्येक दारात लोक हळहळायला सुरुवात करत, आणि प्रत्येक दारात टीचर हातातलं पुढे करून म्हणत, "तुमचं भांडं. नीट बघून घ्या, पोचा नाही ना कुठे." एका घरी बाईंनी जयासाठी दुसरं स्थळ सुचवायला सुरुवात केली. टीचर म्हणाल्या, "अम्मा, आज भांडी. स्थळं पुन्हा कधीतरी."

जया महिन्याभरात वेल्लूरला एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला गेली. नंतर ती कुंभकोणमला आलीच नाही. टीचरच सुट्टीत तिकडे जात.

दोन वर्षांनी एडविन परत आला. जवळच्याच स्वामीमलैच्या कचेरीत बदली होऊन, तिथेच खोली घेऊन. रविवारी चर्चमध्ये येऊन खांबाआड बसू लागला. आणि काही महिन्यांनी बातमी फुटली: लग्न ठरलं, लिलीशी. लिली वसतिगृहात वाढलेली, आईबाप नाहीत, आमच्याच शाळेच्या बालवर्गात शिकवणारी. टीचरची विद्यार्थिनी. तिला कुणी मागणी घालत नव्हतं.

आता इथे पेच होता. साखरपुडा चर्चमध्ये झालेला आणि रीतसर मोडलेला नाही. त्यामुळे एडविनच्या ओलैला हरकत घ्यायचा हक्क एका घराला होता. नवमणी टीचरच्या.

पहिल्या वाचनाच्या दिवशी टीचर गप्प बसल्या. त्याच संध्याकाळी दानिएल पेरियप्पा त्यांच्या घरी आले. ते टीचरच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. जया त्यांना पेरियप्पा, म्हणजे मोठा बाप, म्हणे, म्हणून सारी गल्ली तेच म्हणे. जयाला खांद्यावर बसवून चर्चला नेणारा हा माणूस. मी टीचरकडे चिंच निवडत बसले होते. उठू लागले तर टीचर म्हणाल्या, "बस."

"तू का उठली नाहीस?" पेरियप्पांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"भाऊजी, बसा तरी."

"माझा भाऊ असता तर त्या पोराची हिंमत झाली असती? तुला एकटी बघून केलं त्याने. आणि आज तोच माणूस त्याच वेदीपुढे उभा राहणार? जया तिकडे पेशंटांची अंगं पुसते आहे आणि हा इकडे मेजवानी देणार?"

"लिलीचं काय मग?"

"लिलीला दुसरा मिळेल."

"कोण देणार आहे, भाऊजी? तुम्ही? तुमचा थॉमस बिनलग्नाचा आहे."

पेरियप्पा ताडकन निघून गेले. टीचर चिंचोके काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते चुकीचं बोलले नाहीत. हेच कठीण आहे."

गावात बातमी पसरलीच. माझ्या सासूबाईंनी मला जुन्या घरच्या मराठीत विचारलं, "त्यांच्या देवळीं नवऱ्या मुलाचें नाव तीनदां वाचितात काय गे?" मी हो म्हटलं. "बरें आहे," त्या म्हणाल्या, "आमच्यांत एकदांही न वाचितां पदरीं बांधितात."

दुसऱ्या वाचनालाही टीचर उठल्या नाहीत. पण त्या आठवड्यात वर्गात त्यांनी खडू मोडले, शिपायाला निष्कारण झापलं, आणि गुरुवारी संध्याकाळी एडविन त्यांच्या दारात आला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी माझ्या ओट्यावरून उतरून त्यांच्या दाराशी गेले.

"टीचर, मला एकदा सगळं सांगू द्या," तो दारातूनच म्हणाला. "त्या वेळी घरी असं झालं होतं, की—"

"कारण सांगायचं नाही."

"पण तुम्हाला कळलं तर—"

"कळलं आणि पटलं, तर मग माफ काय करायचं? तो हिशेब झाला. बेरीज जुळली, वही मिटली. आणि नाही पटलं, तर तुला ह्या छत्रीने हाकलावं लागेल. मला दोन्ही नको."

"मग मी काय करू?"

"पाणी पी. आणि जा."

तो पाणी प्यायला. भांडं खाली ठेवून म्हणाला, "रविवारी तुम्ही..."

"रविवारचं रविवारी. आज तुला दारात उभं करण्यापुरतं मला मिळालं होतं, एडविन. ते आता संपलं."

तो गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "टीचर, सरळ सांगा. हरकत घेणार आहात का?"

"नाही."

"मग झालं तर. गप्प बसा."

"गप्पही बसणार नाही. गप्प बसले तर लोक म्हणतील, फार काही झालंच नव्हतं. दोन वर्षांनी सगळं विरून जातं. विरलेलं नाही, रमा. मी उभी राहणार आणि सांगणार, की हक्क मला आहे, झालं ते वाईट झालं, आणि मी हक्क सोडते आहे. मग लग्न होऊ दे."

मला ते काही बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "लिहून अय्यांच्या हातात द्या. उद्याच."

"कागद टेबलावर पडून राहतो. हे कानांनी ऐकलं पाहिजे."

तर, तो रविवार. अय्या म्हणाले, "हरकत असेल तर त्याने आता उभं राहावं." आणि टीचर उभ्या राहिल्या.

बाकाचा आवाज झाला. वसतिगृहातल्या सगळ्या मुली एकदम मागे वळल्या. लिली तेवढी वळली नाही. पेरियप्पांची काठी फरशीवर आपटली. टीचरनी तोंड उघडलं, "मंडळीला ठाऊक असावं, की—"

अय्यांनी हात वर केला. "बसा, टीचर. नोंद झाली."

"अय्या, माझं ऐका—"

"उपासनेत भाषण होत नाही. संध्याकाळी कमिटीपुढे." आणि त्यांनी ओलै दुमडून पुस्तकात ठेवली, अर्धी वाचून सोडल्यासारखी, आणि गाणं सांगितलं.

त्या चर्चमध्ये जिवंत असलेल्या कुणीही ओलैला कुणाला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यामुळे उभं राहिल्यावर काय होतं हे टीचरना ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. अय्या नवे, सावध माणूस. काहीतरी होणार हे ओळखून त्यांनी नियमांचं पुस्तक आधीच वाचून ठेवलं होतं. नियम असा होता की जो उभा राहिला त्याने हरकत घेतली. पोटात काय आहे ते नंतर.

पेटी वाजू लागली. टीचर अजून उभ्याच होत्या. सगळी मंडळी गाण्यासाठी उभी राहिली तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. एवढ्या उभ्या माणसांत एकट्या बसलेल्या. लिली पुढच्या रांगेतून बाहेर पडली आणि बाजूच्या दाराने निघून गेली.

संध्याकाळी मी कमिटीच्या खोलीबाहेर पायरीवर थांबले. टीचर लवकर बाहेर आल्या.

"सांगितलं. हरकत नाही म्हणून लिहून दिलं," त्या म्हणाल्या. "पण वाचन मोडलं. पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार. तोवर लेंत सुरू होतो. लेंतमध्ये आमच्याकडे लग्न लागत नाही. ईस्टरनंतर." मग म्हणाल्या, "मी अय्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते. ते म्हणाले, 'नियम माझे नाहीत, टीचर.' हे वाक्य माझं आहे, रमा. आजवर मी मुलींना हेच ऐकवत आले."

लेंत म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. म्हणजे लग्न एकूण दोन महिन्यांहून जास्त लांबलं. पुढचं गणित अवघड नव्हतं. गावाने ते लगेच केलं. जो माणूस लग्नाच्या पंधरवडाभर आधी पळतो, त्याच्या हातात दोन महिने दिले. पेरियप्पांनी चहाच्या दुकानात उघड सांगितलं, "बघा आता. ईस्टरला तो मद्रासलाही सापडणार नाही." आणि तो पळाला असता तर लिलीचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. तिला मुळात कुणी विचारत नव्हतं. आता 'त्या भानगडीतली मुलगी' म्हणून विचारणार नव्हतं. सगळं टीचरच्या एका उठण्याने.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेतून सरळ वसतिगृहात गेल्या. मीही गेले. लिली खिडकीच्या गजांशी आली.

"लिली, मी माफी मागायला आले."

"आज नको, टीचर. आज मी तुम्हाला फार वाईट बोलेन. उद्या या."

टीचर दुसऱ्या दिवशी गेल्या. "अजून नाही," लिली म्हणाली. असं बरेच दिवस चाललं.  एकदा परत येताना टीचर वाटेत थांबून म्हणाल्या, "मला माफी द्यायची होती, पण पावती घेऊन. सगळ्या मंडळीच्या सहीची पावती. आणि आता बघ. ज्याचं बरं होऊ नये असं दोन वर्षं वाटत होतं, त्याचा पाय घसरू नये म्हणून रोज गुडघे टेकते आहे. दुसरं काही मागायलाच सुचत नाही."

मग एके संध्याकाळी लिली बाहेर आली. हाताला खळ लागलेली. बालवर्गासाठी कागदी पक्षी चिकटवत होती.

"तो पळाला तर तुम्ही काय कराल?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही."

"आणि नाही पळाला तर?"

"तेही ठाऊक नाही."

"नाही पळाला तर माझ्या आईच्या जागी तुम्ही उभ्या राहा," लिली म्हणाली. "मला दुसरं कोण आहे? राग गेलेला नाही माझा. तो राहू दे. पण बोलवायचं तर तुम्हालाच बोलवेन."

 परत येताना टीचरनी पदराने दोनदा तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मागायला गेले चिमूटभर, पोरीने ताट वाढून दिलं. आणि त्यात मिरची केवढी घातली, बघितलंस?"

मिरची अशी, की आता जयाला विचारणं आलं. बस स्टँडजवळ नवा फोन बूथ निघाला होता. टीचर आत गेल्या, मी काचेबाहेर. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती आधी ताठ होती, मग वाकली.

"जया म्हणाली, 'अम्मा, तू उभी राहा. लिलीने काही केलेलं नाही,'" बाहेर येऊन त्यांनी सांगितलं. "आणि म्हणाली, 'पण मला फोटो पाठवू नकोस. आणि त्या चर्चमध्ये ये असं मला कधी म्हणू नकोस.' मी कबूल केलं."

मग रविवारांमागून रविवार. ओलै नव्याने वाचली गेली, कुणी उभं राहिलं नाही. उपासना सुरू होण्याआधी टीचर हळूच मान वळवून खांबाकडे पाहत. एडविनचा खांदा दिसला की गाण्यांची वही उघडत. मी तेव्हा जवळजवळ दर रविवारी जात असे. नवऱ्याने विचारलंसुद्धा, "धर्म बदलतेस की काय?" मी म्हटलं, "एका माणसाची हजेरी घ्यायची असते."

ईस्टरच्या आधीचा रविवार आला. मुलं नारळीच्या झावळ्यांचे क्रूस हातात घेऊन गात आत आली. टीचरनी मान वळवली. खांबाआड कुणी नव्हतं.

उपासना संपेपर्यंत टीचर हलल्या नाहीत. शेवटचा आशीर्वाद झाल्याबरोबर उठल्या, लिलीकडे न पाहता बाहेर पडल्या आणि स्वामीमलैच्या बसमध्ये चढल्या. मी मागोमाग. बसमध्ये त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना की शिव्या, कळत नव्हतं.

एडविनची खोली मूर्ती ओतणाऱ्यांच्या गल्लीत होती. दाराला कुलूप. टीचरनी ते हातात धरलं आणि ओढून पाहिलं, जणू खोटं असेल. शेजारच्या कारखान्यात एक ओतारी मेणाच्या मूर्तीवर माती लिंपत होता.

"इथला मुलगा कुठे गेला?" टीचरचा आवाज फाटला होता.

"तो? सकाळीच नेला त्याला."

"कुणी नेला? कुठे?"

"आम्हीच नेला, अम्मा, रिक्षात घालून. दवाखान्यात. तोंड एवढं झालं होतं," त्याने मातीचे दोन्ही हात गालांपासून लांब धरून दाखवले. "गालगुंड."

टीचर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तिथल्या लाकडी पेटीवर बसून हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. "गालगुंड! देवा, गालगुंड!" ओतारी घाबरून म्हणाला, "अम्मा, त्याने कुणी मरत नाही."

दवाखान्यात एडविन खाटेवर होता. गळ्यापासून डोक्यापर्यंत पंचा बांधलेला, डोळे सुजून बारीक. टीचरना पाहून उठायला लागला.

"टीचर, मी... पळालो... नाही."

"बोलू नकोस. दुखेल." त्यांनी समोरच्या खाणावळीतून पातळ पेज आणवली, वाटीवर हात ठेवून डोळे मिटले, आणि त्या दिवशी प्रार्थना इतक्या झटकन आटपली की पेज गरम राहिली. मग चमच्याने त्याला भरवली.  जयाचं नाव निघालं नाही.

ईस्टरनंतर लग्न झालं. पेरियप्पा आत आले नाहीत. आवारात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले, आणि जेवायला मात्र थांबले. टीचरनी लिलीचा हात एडविनच्या हातात दिला. मग दोघं आशीर्वादासाठी वाकले. लिलीच्या डोक्यावर टीचरचा हात लगेच गेला. एडविनच्या डोक्यापाशी येऊन थांबला. लाल शाई लागलेलं बोट हवेत, आणि अय्यांसकट सगळे थांबलेले. मग तो हात खाली टेकला.

घरी येताना मी विचारलं, "माफ केलंत?"

"आज केलं," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या मागेन."

निवृत्त झाल्यावर टीचर वेल्लूरला जयाकडे गेल्या. मी शेवटची गेले तेव्हा त्यांचं हृदय थकलं होतं. रुग्णालयाच्या क्वार्टर्समध्ये व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून असत. शेजारच्या मुलांच्या वह्या तपासायच्या, तशाच निर्दयपणे. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझा हक्क मी सोडला, रमा. जयाचा सोडायचा मला हक्क नव्हता. तिला तो दरवाजा बंद झालाय. त्या दारातून तिने एकदा आत यावं. त्याच्यासाठी नाही, लिलीसाठी नाही. तिच्या बापाच्या खांद्यावरून, मोठ्या बापाच्या खांद्यावरून ती तिथे गेलेली आहे. ते तिचं घर आहे. मी विचारू शकत नाही. कबूल केलंय. तू विचार."

मी स्वयंपाकघरात गेले. जया ड्यूटीवरून आली होती, गणवेशातच भात काढत होती. मी आडवळण न घेता विचारलं.

"अम्माने पाठवलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "स्वतः विचारणार नाही म्हणाली होती. म्हणून माणूस पाठवला. हुशार आहे."

"काय सांगू त्यांना?"

जयाने पळी खाली ठेवली. "सांगा, की विचारलंत."

मी निघाले तेव्हा टीचर व्हरांड्यातच होत्या. जया माझी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आली. मी मागे वळले. टीचर खुर्चीत पुढे झुकून आम्हा दोघींच्या तोंडाकडे पाहत होत्या, इतक्या लांबून काही वाचता येईल तर बघावं तशा. मी मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. रिक्षा वळेपर्यंत त्या बघतच होत्या.

त्याच वर्षी टीचर गेल्या, वेल्लूरलाच. दफनासाठी त्यांना घेऊनही जया कुंभकोणमला आली नाही. त्यानंतर मी तिला दोनदा विचारलं आहे. एकदा ती हसली. एकदा म्हणाली, "मावशी, चहा घ्या." पुढच्या महिन्यात मला वेल्लूरला जायचं आहे. विचारायचं आहे.